माडीवरचा राउटर आणि सोप्यातली स्टिक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका काकूंनी विचारलंय. घर जुनं, दगडी. फायबरचं कनेक्शन माडीवर, राउटरही तिथंच. टीव्ही खाली सोप्यात. पुण्यातल्या मुलानं दिवाळीला टीव्हीच्या मागं खोचायची स्ट्रीमिंग स्टिक पाठवली. वाय-फायचं नाव टीव्हीवर दिसतं, पासवर्ड टाकला की चकरी फिरत राहते आणि शेवटी जोडता आलं नाही असं येतं. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर एखाद्या वेळी जोडलं जातं, तर ‘इंटरनेट नाही’ म्हणतं. मोबाईलला मात्र त्याच सोप्यात, त्याच खुर्चीवर नेट चालतं. केबलवाला म्हणतो, आमच्याकडून नेट व्यवस्थित आहे. मुलगा म्हणतो, राउटर बदला. शेजारचे म्हणतात, स्टिकच डुप्लिकेट असणार. खरं कुणाचं?

काकू, तिघांनाही जरा बाजूला बसवूया. केबलच्या जाड काळ्या वायरी गच्चीगच्चीवरून ओढण्यापासून मी सुरुवात केली, आता फायबर जोडतो. पेठांमधल्या जुन्या घरांतनं ही तक्रार मला सतत येते. बहुतेक वेळा नेटही ठीक असतं आणि स्टिकही. घोळ असतो तो मधल्या भिंतीचा आणि स्टिक जिथं खोचलीय त्या जागेचा.

‘नाव दिसतंय म्हणजे रेंज आहे’ असं सगळेच धरून चालतात, आणि चूक तिथंच होते. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारत असतो. ही पुकार मुद्दाम सावकाश, कमी वेगात केलेली असते, म्हणून ती लांबवर समजते. पण जोडणी म्हणजे नुसतं ऐकणं नव्हे, उत्तर देणंही आलं. माडीवरनं कुणी मोठ्यानं हाक मारली तर परड्यात ऐकू येते. परड्यातनं हळू आवाजात ‘ओ’ दिली तर ती माडीवर पोचेलच असं नाही. स्टिकचा आवाज बारीक. तिच्या पोटातला अँटेना नखाएवढा, आणि ती टीव्हीचा पत्रा आणि मागची भिंत यांच्या फटीत कोंडलेली. राउटरचं नाव ती ऐकते, पासवर्डची देवघेव सुरू होते, मध्येच एखादं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही आणि सगळं पहिल्यापासून. टीव्हीवर तुम्हाला दिसते ती फक्त चकरी.

मोबाईल हातात, मोकळ्या हवेत असतो. तुम्ही नकळत वळता, सरकता, आणि त्याला वाट सापडते. शिवाय एक शंका आहे: मोबाईल खरंच वाय-फायवर चालतोय का? वाय-फाय कच्चं पडलं की बरेच फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पहिलं काम हे करा. सोप्यात टीव्हीशेजारी उभं राहून मोबाईल डेटा बंद करा, वाय-फाय चालू ठेवा आणि एखादा व्हिडिओ लावून बघा. मोबाईलसुद्धा अडखळला तर अर्धं उत्तर मिळालं.

दुसरं काम अजून सोपं, आणि मी घरी जाण्याआधी फोनवर सगळ्यांना हेच करायला लावतो. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, मोबाईल टीव्हीशेजारी ठेवा आणि स्टिक त्या हॉटस्पॉटला जोडा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, विचारला तर २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोन असेल तर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, त्यानं तेच होतं. स्टिक हॉटस्पॉटवर धडधडीत चालली, तर ती ना डुप्लिकेट आहे ना बिघडलेली. शेजारच्यांचा मुद्दा तिथंच निकालात निघाला. तिथंही जोडली नाही, तरच स्टिक, तिचा अडॅप्टर किंवा तिचं सॉफ्टवेअर यांच्याकडं बघायचं. एवढी साधी गोष्ट न करता लोक दोन-तीन हजारांचा राउटर घेऊन येतात आणि तोही माडीवर त्याच खिळ्याला अडकवतात.

आता भिंतीचं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती म्हणजे काळा दगड आणि माती, रुंदी हात-दीड हात. अपार्टमेंटमधल्या चार-सहा इंची विटेच्या भिंतीचा हिशोब इथं लागू पडत नाही. त्यात पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि पाणी या लहरी चांगल्यापैकी शोषून घेतं. ‘जून लागला की आमचं वाय-फाय मंदावतं’ असं कुणी म्हणालं की पूर्वी मी हसायचो. आता आधी भिंतीला हात लावून बघतो. बाहेरच्या लायनीचा दोष असतोच कधी कधी, पण फायबरमधनं प्रकाश जातो, त्याला ओलीचं सोयरसुतक नाही. भिंतीला आहे.

राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये सरळ रेषेत काय काय येतं तेही बघून घ्या. लोखंडी कपाट, स्टीलच्या भांड्यांची मांडणी, मोठा आरसा, पत्र्याचं छत. धातूवर लहरी आपटून परत फिरतात. एका घरात राउटर चक्क डाळी-तांदळाच्या डब्यांच्या मागं ठेवलेला होता, ‘दिसायला बरं नाही’ म्हणून. राउटर फूटभर उंचावून मांडणीच्या बाहेर टांगला, तेवढ्यानं काम झालं. पैसे काय घ्यावेत तेच कळेना.

स्टिकच्या जागेवर मात्र थोडा वेळ घालवा. बऱ्याच स्टिकच्या खोक्यात वीतभरही नसलेली एक एचडीएमआय वायर येते, एका बाजूला नर आणि दुसऱ्या बाजूला मादी. ती कशाला दिलीय हे न कळल्यानं ती वॉरंटीच्या कागदाबरोबर खोक्यातच राहते. ती याचसाठी असते: स्टिक थेट टीव्हीत न खोचता या वायरीवर लोंबू द्यायची, म्हणजे ती पत्र्यापासून सुटी होते. नसेल तर दुकानात एचडीएमआय एक्स्टेंशन म्हणून मागा, फूटभराची पुरे. स्टिक टीव्हीच्या कडेला, राउटरच्या बाजूला तोंड करून बाहेर डोकावेल अशी चिकटपट्टीनं लावा. टीव्हीला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली असेल तर ती काढून बघा. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या वायरी नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. हे जुनं, सिद्ध झालेलं दुखणं आहे, पण आपल्याकडं कुणी लक्षात घेत नाही.

दुसरी चोरवाट विजेची. अडॅप्टर लावायला प्लग मोकळा नाही म्हणून स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर चालवतात. साध्या यूएसबी २ च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकबरोबर येणारा अडॅप्टर १ अँपिअरचा, म्हणजे त्याच्या दुप्पट असतो. स्टिक नुसती चालू राहायला टीव्हीची वीज पुरते. पण वाय-फायवर जोर लावायची वेळ आली की ती धापा टाकते, रीस्टार्ट होते किंवा जोडणी सोडते. पडद्यावर चित्र येतंय म्हणजे वीज पुरतेय असं नाही. खोक्यातला अडॅप्टर आणि खोक्यातलीच वायर वापरा, भिंतीतल्या बोर्डात.

एवढं करून जोडली गेली तर पुढचं वाचायची गरज नाही. नाही गेली तर मोबाईलच्या ब्राउझरमधनं राउटरच्या सेटिंगच्या पानावर जावं लागेल. पत्ता राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. कनेक्शनवाल्यानं पासवर्ड बदलून ठेवला असेल तर त्यालाच बोलवा. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या, नाहीतर तो राउटर बंद-चालू करून चहा पिऊन जाईल.

आजकालचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावानं दाखवतात. कुणाला कुठं बसवायचं ते राउटर ठरवतो. अपार्टमेंटमध्ये ते बरं. दगडी घरात घोटाळा करतं. ५ चा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपुढं त्याची मजल कमी. २.४ चा सावकाश, पण भिंत ओलांडणारा. दोन्हींना वेगळी नावं द्या, म्हणजे एकाच्या शेवटी ‘५’ लावा, आणि सोप्यातली स्टिक मुकाट्यानं २.४ वर टाका. वेग कमी पडेल ही भीती नको. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ एमबीपीएस अशी आहे. शंभर-दोनशेचा प्लॅन घेऊन लोक स्पीड टेस्टचे फोटो काढत बसतात. टीव्हीला लागतात पाच-पंधरा, फक्त ते न तुटता मिळायला हवेत.

स्टिक कुणा नातेवाइकाकडनं आलेली जुनी असेल तर हेही बघा. २०१३ साली आलेल्या गूगलच्या पहिल्या क्रोमकास्ट स्टिकला ५ गिगाहर्ट्झ मुळातच नव्हतं. तशा उपकरणाला ५ चं नाव दिसणारच नाही, कितीही शोधलं तरी.

२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून, प्रत्येक घरात राउटर, आणि सगळे त्या तिघांत दाटीवाटीनं बसलेले. अँड्रॉइड मोबाईलवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट ॲप घेतलं तर कुठं गर्दी आहे ते दिसतं. जिथं कमी तो चॅनेल निवडा, आणि रुंदी ४० नाही, २० मेगाहर्ट्झ ठेवा. गल्लीत मोठी गाडी घुसवण्यापेक्षा दुचाकी लवकर पोचते. त्याच ॲपमध्ये सिग्नलचा आकडा उण्यात दिसतो. मोबाईल टीव्हीच्या मागं, अगदी स्टिकच्या जागी धरून बघा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निवांत चालतो, उणे ८० च्या आसपास असेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, खाली सांगतोय तसं वायरीचं बघा.

५ च्या पट्ट्यातही एक गंमत आहे. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात. काही उपकरणं या चॅनेलांच्या वाटेलाच जात नाहीत. राउटर ‘ऑटो’वर असताना तिथं जाऊन बसला की कालपर्यंत चालणाऱ्या स्टिकला आज नावच दिसत नाही. मोबाईलला दिसतं, म्हणून संशय स्टिकवर. ५ वापरायचंच असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल हातानं लावून टाका.

सुरक्षेच्या रकान्यात नुसतं डब्ल्यूपीए३, म्हणजे वाय-फायच्या कुलपाचा नवा प्रकार, असेल तर जुन्या स्टिक तिथंच अडतात, आणि लक्षण नेमकं तुमच्यासारखंच दिसतं: नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी नकार. डब्ल्यूपीए२ किंवा दोघांचं मिश्रण ठेवा. पासवर्डचं काय सांगावं! रिमोटनं एकेक अक्षर निवडताना कॅपिटल-स्मॉल चुकतं, शून्य आणि ओ चुकतो. टाकलेलं पडद्यावर दाखवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती चालू करून अक्षर न् अक्षर वाचा. वाय-फायच्या नावात बदामाचं चित्र किंवा देवनागरी अक्षरं टाकली असतील तर काही दिवस साधं इंग्रजी नाव ठेवून बघा, काही उपकरणं अशा नावांना बिचकतात.

आता तुमचा दुसरा त्रास, ‘जोडलंय पण इंटरनेट नाही’. हा पहिल्याचाच भाऊ असू शकतो, म्हणजे सिग्नल इतका कच्चा की जोडणी नावापुरती. फायर टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कवर जाऊन आपल्या वाय-फायच्या नावावर प्ले-पॉजचं बटण दाबा. स्टिकपासून राउटरपर्यंतची जोडणी आणि राउटरपासून पुढचं इंटरनेट या दोन्हींची हालत ती वेगवेगळी सांगते. केबलवाला ‘नेट व्यवस्थित आहे’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या टप्प्याबद्दल बोलत असतो, आणि खरं बोलत असतो. तुमचं भांडण पहिल्या टप्प्याशी आहे.

पण दुसरीही कारणं असतात. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एकेक पत्ता वाटतो, आणि वाटायचे पत्ते मोजकेच ठेवलेले असू शकतात. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना-फ्रान्स फायनलच्या रात्री एका तालमीत पडद्यावर मॅच दाखवायची होती. कोल्हापुरात फुटबॉल म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मॅचला अर्धा तास उरला आणि स्टिक ‘इंटरनेट नाही’वर अडली. मला उचलूनच नेला म्हणा. बघतो तर वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला, पन्नासएक पोरांचे मोबाईल जोडलेले, आणि राउटरच्या यादीत पत्ते होते तीस. शेवटी आलेल्या स्टिकला पाटच उरला नव्हता. पासवर्ड बदलला, राउटर बंद करून चालू केला, पहिल्यांदा स्टिक जोडली आणि पासवर्ड खिशात घातला. पोरं माझ्यावर खवळली, पण मेस्सीचा पहिला गोल दिसल्यावर निवळली. तुमच्या घरी पन्नास मोबाईल नसतील, पण पाहुणे, कॅमेरे, स्मार्ट बल्ब असं मोजत गेलं तर स्वस्तातला राउटर लवकर भरतो. शंका आली तर सगळी उपकरणं सोडवून आधी स्टिक जोडून बघा.

तारीख-वेळही तपासा. स्टिकचं घड्याळ भलत्याच वर्षी असेल तर ॲप सर्व्हरची ओळख पटवून घेऊ शकत नाहीत आणि नेट असूनही नाही म्हणतात. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवून स्टिक पूर्ण बंद-चालू करा. फायर टीव्हीच्या रिमोटवर मधलं गोल बटण आणि प्ले-पॉज ही दोन्ही पाच सेकंद दाबून धरली की ती नव्यानं सुरू होते. आणि रिचार्ज संपलेला नाही ना, हेही एकदा बघा. मी एकदा तासभर चॅनेल बदलत बसलो होतो आणि घरातल्या आजी म्हणाल्या, ‘अरे, त्याचे पैसे भरायचे राहिलेत.’

मोबाईलवरचं टीव्हीवर टाकायचं म्हणजे कास्ट करायचं असेल, तर मोबाईल आणि स्टिक एकाच राउटरच्या एकाच जाळ्यात हवेत. एक ‘गेस्ट’ नावाच्या जाळ्यात असेल तर दोघं एकमेकांना दिसत नाहीत. गेस्टचा उद्देशच तो.

बरं, आकडा उणे ८० आला तर. मग माझं स्पष्ट मत: भिंतीशी कुस्ती नको, वायर ओढा. दुकानदार रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढं पाठवणारी डबी, गळ्यात मारेल. साधा, एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच तोंडानं, त्यामुळं वेग जवळपास निम्मा होतो. आणि तो भिंतीच्या सोप्याकडच्या बाजूला ठेवला तर त्यालाच मुळात कच्चा सिग्नल मिळतो. मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन राउटरांचं जाळं, चांगलं, पण दीड हात दगडापुढं तेही लंगडं पडतं आणि पैसे भरपूर जातात. माडीवरच्या राउटरपासून सोप्यापर्यंत कॅट-६ लॅन वायर आणा. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, तुमच्या घराला वीस-पंचवीस मीटर लागेल. घेताना पूर्ण तांब्याची मागा. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती वाकवली की तुटते. लाइटच्या वायरीच्या पाइपात ती घालू नका. आणि गच्चीवरनं, उघड्यावरनं तर अजिबात नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला, विजांचा कडकडाट झाला की उघड्या लॅन वायरीतनं राउटरचे पोर्ट जळतात. एकेका वळवात असे राउटर मी पिशवीनं गोळा केलेत.

खाली आलेल्या वायरीला दोन गोष्टी लावता येतात. स्टिकसाठी मिळणारा लॅन अडॅप्टर लावला तर स्टिक थेट वायरीवर. तो बऱ्याचदा १०० एमबीपीएसचाच असतो, आणि वरचा पंधराचा हिशोब बघता तो पुरून उरतो. आधी तुमच्या स्टिकला चालतो का, हे मॉडेल नंबर सांगून विचारा. किंवा घरात पडलेला जुना राउटर खाली लावा: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे माडीवरच्याशी टक्कर नको, त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करा, आणि वरनं आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे एरवी इंटरनेटची वायर लागते तिथं, न खोचता साध्या लॅन पोर्टमध्ये खोचा. नाव आणि पासवर्ड माडीवरचाच द्या. सोप्यात, माजघरात सगळीकडं वाय-फाय येईल. मुलगा राउटर बदला म्हणतोय ना, त्याला सांगा, बदलत नाही, दुसरा लावतोय.

वायर न्यायला भिंतीला भोक पाडायचं झालं तर ड्रिलवाल्याला वाटेल तिथं सुरू करू देऊ नका. आधी देवळ्या कुठं कुठं आहेत ते बघा. देवळीच्या पाठीमागं भिंत निम्मीच असते, तिथनं आरपार जायला सोपं जातं.